हुकलेले कर्णधारपद

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात आमची बढती हुकल्याची वार्ता आली आणि पुढे पंधरा दिवस आम्ही दुसरा विषय काढला नाही. अखेर सौभाग्यवतींनी पालवणकर बाळूंचे नाव काढले. पुण्यात हिंदू संघासाठी बळी घ्यावेत आणि चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात प्यावा! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी मिळविले. तरी चर्मकार म्हणून चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले.

“तुम्हांला चहा कपातून मिळतो ना?” सौभाग्यवतींनी विचारले. तक्रारअर्जाचा मसुदा समोरच होता. लेखणी मात्र चालेना.