एका डिस्कची वाटणी

शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. दोन्ही काठांवरच्या गावांतून माझ्या दुकानात जुने लॅपटॉप येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मग सगळं पुसून लिनक्स टाकावं? लग्नपत्रिका करणाऱ्याला ते सांगून बघा. त्याच्या पंधरा वर्षांच्या फायली श्रीलिपीत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. त्याला दोन्ही लागतं: पत्रिकेपुरतं विंडोज, तेही इंटरनेट तोडून, आणि बाकी कामाला लिनक्स.

एकाच डिस्कवर दोन्ही बसवण्याला मी वाटणीच म्हणतो. विंडोज आधी, लिनक्स मागून. उलट केलं तर यंत्र सुरू होण्याची वाट विंडोज आपल्याकडे वळवून घेतं, आणि लिनक्स डिस्कवर असूनही दिसत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करावं लागतं. नाहीतर 'शट डाउन' करूनही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि अशा वेळी त्याच्या हिश्श्यात लिनक्सने काही लिहिणं धोक्याचं.

घड्याळाची गोष्ट मला फार आवडते. यंत्रातल्या घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स ग्रीनिचची. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की संध्याकाळचे सहा वाजलेले असताना पडद्यावर दुपारचे साडेबारा दिसतात. बरोबर साडेपाच तासांचा फरक! गिऱ्हाईक म्हणतं, सेल गेला. सेल ठणठणीत असतो. आतलं घड्याळ भारतीय वेळेवर ठेव, एवढं लिनक्सला एका आज्ञेत सांगितलं की भांडण मिटतं.

एकदा मात्र माझ्या हातून वाईट झालं. एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर जागा कमी पडत होती, म्हणून विंडोजचा हिस्सा पुढे सरकवत होतो. नुसती जागा आखडणं सोपं असतं. हिस्सा सरकवताना मात्र आतला सगळा मजकूर उचलून नव्या जागी मांडावा लागतो, त्याला तास-तास लागतात. बॅटरी मेलेली होती. मध्येच वीज गेली. बॅकअप मी घेतला नव्हता. पुष्कळ फोटो परत मिळाले, त्यांच्या मुलीच्या बारशाचे मिळाले नाहीत.

तेव्हा डिस्क वाटायला आणाल त्याआधी तुमचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप आणलात, तर नवी बॅटरी बसेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.