रुळांमधले अंतर

मराठवाड्याचे आणि रेल्वेचे नाते पहिल्यापासून थोडे रुसव्याचेच आहे. नांदेडला गाडी आली ती निजामाच्या राजवटीत, मनमाड-सिकंदराबाद मार्गाने; पण रुळांतले अंतर एक मीटरच. लातूरला आली ती बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. तिच्या रुळांत अंतर अवघे अडीच फूट! मोठ्या गाडीचा डबा आमच्या रुळांवर चढू शकत नव्हता आणि आमचा त्यांच्या. त्यामुळे वाटेत उतरा, बोचकी उचला, दुसरी गाडी धरा, हे आमच्या आजोबांच्या पिढीच्या नशिबी लिहिलेलेच होते. नांदेडचे रूळ रुंद झाले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत रुंद रूळ पोहोचायला तर 2008 साल उजाडले.

पण रेल्वेवर नुसते रुसून कसे चालेल? 2016 च्या एप्रिलात लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाणी घेऊन गाडीच धावून आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ज्या गावाने रेल्वेचे पाणी प्यायले, त्याने रेल्वेला नावे ठेवू नयेत, असे आमचे अण्णा म्हणतात. आता तर लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे आणि 2020 च्या डिसेंबरात तिथे पहिल्या डब्याचा सांगाडाही तयार झाला.

हे सगळे आठवायचे कारण असे, की गेल्या जानेवारीत मला पुण्याला जावे लागले. माझा थोरला भाऊ पाच वर्षांपासून तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करतो, असे घरी सर्वांना ठाऊक होते. दोन वर्षांत तो दिवाळीलासुद्धा आला नव्हता. अण्णांनी मला जवळ बोलावून एवढेच सांगितले, "जाऊन बघून ये बरं. अन् जमलं तर घेऊन ये."

रात्रभर नांदेडच्या गाडीत बसून गेलो. आपल्याकडच्या गाडीतला प्रवास म्हणजे तोंडी परीक्षाच असते. कोणत्या गावचे, कुणाचे, कितवीला, भाऊ काय करतो, निकाल कधी? लातूर रोड येईपर्यंत समोरच्या आजोबांना आमच्या घरची सगळी कुंडली पाठ झाली होती. त्या बदल्यात त्यांनी दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, हेही सांगितले पाहिजे.

पुणे स्टेशनावर दादा घ्यायला आला होता. वाळला होता, पण हसला तेव्हा मात्र आपलाच वाटला. तिथून आम्ही मेट्रो धरली. पुण्यात मेट्रो सुरू झाली 2022 च्या मार्चमध्ये आणि जमिनीखालून स्वारगेटपर्यंत गेली 2024 च्या सप्टेंबरात. वनाझ-रामवाडी हा एक मार्ग आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट हा दुसरा. दोन्ही जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात भेटतात. एक डोक्यावर, पुलावरून, आणि दुसरा सुमारे 33 मीटर खोल, पाताळात. आमच्या शेतातली विहीरसुद्धा एवढी खोल नाही! सरकत्या जिन्यांवरून उतरता उतरता मला आपण कुठे निघालो आहोत असे झाले. गंमत म्हणजे एवढ्या खालीही वरचा उजेड येतो. पुढे गाडी मुठा नदीच्या खालून जाते. डोक्यावर नदी आहे हे डब्यातल्या कुणाच्या ध्यानीमनीही नसते. मला मात्र होते. पाण्याची आठवण आम्हां लातूरकरांना लवकर येते.

दादाची खोली मंडईजवळ होती. संध्याकाळी तो म्हणाला, "चल, माझ्यासोबत पिंपरीपर्यंत." स्थानकात मी सहज विचारले, "दादा, विद्यार्थ्यांना सवलतीचं कार्ड मिळतं म्हणं इथं. तुझं कुठंय?" त्याने पूर्ण दराची दोन तिकिटे काढली आणि म्हणाला, "मी आता विद्यार्थी नाही रे."

फलाटावर लोक दारासमोरची जागा सोडून दोन्ही बाजूंना उभे होते. आधी उतरणाऱ्यांना उतरू दिले, मग चढले. आत कुणी कुणाशी बोलेना. खिडकीबाहेर काळोख आणि आत मोबाइलचा उजेड. एवढी माणसे आणि एवढी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्येच पाहिली आहे. मी दादाला हळूच म्हटले, "इथं एवढं गप कसं राहवतं तुला?"

तो म्हणाला, "मला तर हेच बरं वाटतं. इथं कुणी विचारत नाही, निकाल काय लागला म्हणून."

मग स्थानकामागून स्थानक जात राहिले आणि तो थोडे थोडे सांगत गेला. दीड वर्षापासून तो पिंपरीच्या एका गोदामात हिशेबाच्या कामाला होता, दुपार उलटल्यावरची पाळी. अभ्यास सुटला होता. घरून पैसे घेणेही त्याने तेव्हाच बंद केले होते. शिकवण्या मिळतात, असे तो अण्णांना सांगत असे. शिवाजीनगर मागे पडले आणि गाडी भुयारातून वर पुलावर आली. मावळतीचे ऊन एकदम त्याच्या तोंडावर पडले, म्हणून त्याने डोळे मिटले की आणखी कशासाठी, हे मी विचारले नाही. मेट्रोचा नियम मी एवढ्यात शिकलो होतो.

मित्रहो, आपल्या गाडीतली विचारपूस ही माया आहे, यात मला शंका नाही. पण हरलेल्या माणसाला त्याच मायेची धास्ती वाटते, हे मला पुण्यात जाऊन कळले. आपल्या महाविद्यालयातूनही दरवर्षी कितीतरी जण त्या रुंद रुळांवरून पुण्याला जातात. त्यांच्यातले सगळेच अधिकारी होणार नाहीत. त्यांना परत येण्याची वाट आपण मोकळी ठेवली आहे का? की येणाऱ्याने निकाल हातात घेऊनच गाडीतून उतरावे, अशी आपली अट आहे?

दादा माझ्याबरोबर आला नाही. "तूच सांग अण्णांना. माझ्यानं होत नाही," असे म्हणून त्याने मला गाडीत बसवून दिले.

मी घरी पोहोचलो तेव्हा अण्णा सोयाबीनच्या पोत्यांवर बसले होते. मी काही न लपवता सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "पोटभर जेवतो का?"

मी म्हटले, "जेवतो."

"मग त्याला म्हणाव, पाडव्याला ये. निकालाचं कुणी काही विचारणार नाही."