पैलतीराची मोडी

बराकपूरच्या धोबीघाटावरून होडी पलीकडे श्रीरामपूरला जाते. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये तेथेच छापला गेला. बदलून येथे आलो तेव्हा ही माहिती परीक्षेसाठी पाठ केलेली, तेवढीच होती.

२०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि पुण्यास इतिहासाच्या एम. ए.ला असलेली माझी कन्या घरी आली. पुढे मोबाइलवर वर्ग सुरू झाले, त्यांत मोडीचाही. “हाताची विद्या काचेतून कशी यायची?” असे मी जरा कुत्सितपणेच म्हणालो.

एके सकाळी सहज डोकावलो. पडद्यावर प्राध्यापकांचा केवळ हात दिसत होता. त्यांनी आधी कागदभर आडवी रेघ ओढली आणि मग लेखणी न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर गुंफीत नेले. “बाबा, मागच्या बाकावरून हे दिसलंच नसतं,” कन्या म्हणाली. माझा कुत्सितपणा तेथेच ओसरला.

कॅरेच्या कोशातील मराठी शब्द मोडीतच आहेत. परंतु धातूचा खिळा म्हणजे सुटे, थांबलेले अक्षर. फोर्ट विल्यम कॉलेजातील तरुण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती छापील ग्रंथ आला. लेखणीची चाल मात्र छापखान्याला देता आली नाही. कॅरेला साहाय्य करणाऱ्या वैजनाथ पंडितांच्या हाताचे वळण त्या कोशात कोठे शोधायचे? ती चाल आता मोबाइलने घरबसल्या दाखविली.

पण प्राध्यापकांना काय दिसत होते? सर्वांचे कॅमेरे बंद, आमच्या घरचाही. मधूनच ते “आहात ना?” असे विचारीत, आणि कोणी उत्तर देत नसे. कन्या एक अक्षर कित्येक आठवडे उलट्या बाजूने सुरू करीत होती. लिहून झालेले अक्षर बरोबर दिसे; पुढच्याला जोडताना मात्र अडे. वर्गात बाकांमधून फिरताना त्यांच्या ते सहज ध्यानी आले असते. मला मोडी येत नाही. मी काय सांगणार?

अखेर तिने लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकविला, कॅमेरा स्वतःच्या हातावर रोखला आणि लिहू लागली. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, “थांबा. पुन्हा लिहा. आता डावीकडून.”

दुसऱ्या दिवसापासून बरणी तिच्या मेजावरच राहू लागली. वर्ग संपेपर्यंत लोणचे मागायची सोय उरली नाही.