टेकडीवरची सायकल: आधी गाडी तपासा, मग स्वतःला



"डॉक्टर, तुम्हीच व्यायाम करा म्हणालात. म्हणून जाड टायरची, गिअरची सायकल घेतली. आता गुडघा धरलाय."

अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे बरेच पेशंट येतात. कोणाचा गुडघा, कोणाची करंगळी बधिर, कोणाचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं. बहुतेकांचं वय पंचेचाळीस ते साठ. सायकल चांगली असते, हेतूही चांगला असतो. पण ती सायकल त्या शरीराला जुळवून घेतलेली नसते आणि शरीरही त्या चढासाठी तपासलेलं नसतं. आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलू.

मी स्वतः एकोणपन्नासाव्या वर्षी माउंटन बाईक घेतली. माझं एचबीए१सी ६.१ आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या वडिलांच्या पायाची दोन बोटं मधुमेहामुळे काढावी लागली होती. त्यांचं ड्रेसिंग मी विद्यार्थी असताना रोज केलं आहे. त्यामुळे तो रिपोर्ट मला नुसता आकडा वाटला नाही. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा पहाटे पुण्याच्या आसपासच्या मुरुमाच्या वाटांवर मी सायकल चालवतो. खाली लिहिलेलं त्या वाटांवर आणि दवाखान्यात शिकलेलं आहे.

ही सायकल आली कुठून?

१९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. तिथल्या एका उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. कारण मजेशीर आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. एका उतारातच तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. १९७६ मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. सांगायचा मुद्दा असा, की डोंगरावरच्या सायकलीचा पहिला प्रश्न वेगाचा कधीच नव्हता, थांबण्याचा होता. आपल्या वयात तर नक्कीच.

सीटची उंची आणि गुडघा

गुडघेदुखी घेऊन येणाऱ्याला मी आधी सीटबद्दल विचारतो. पाय जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेक जण सीट खाली ठेवतात. मग पेडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. साधी पद्धत अशी: भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. दुखणं गुडघ्याच्या पुढे असेल तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे असेल तर बहुधा वर. उतरंडीवर मात्र सीट थोडी खाली घ्यावी, म्हणजे शरीर मागे न्यायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट गिअरची. चढावर जड गिअर रेटत बसू नका. हलका गिअर टाका आणि पाय भरभर फिरू द्या. गुडघ्याचं आयुष्य वाढतं.

बधिर करंगळी, बधिर बैठक

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली जाते आहे. मनगट सरळ ठेवा, हँडल घट्ट आवळू नका, हाताची जागा बदलत राहा, पॅडवाले हातमोजे घाला. सगळा भार हातांवर येत असेल तर सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का ते पाहा.

पुरुष पेशंट आणखी एक तक्रार फार उशिरा सांगतात, तीही खुर्चीतून उठता उठता: मांड्यांमधली जागा बधिर होते. लाजू नका. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या सीटखाली दाबल्या जातात. सीट सपाट ठेवा, दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहा. मऊ गादीची सीट घेऊन प्रश्न सुटत नाही. तिच्यात हाडं रुततात आणि मधल्या भागावर दाब वाढतो. बसण्याची दोन हाडं टेकतील एवढ्या रुंदीची, जरा कडक सीट बरी. एवढं करूनही बधिरपणा राहिला तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

हेल्मेट आणि वीस रुपयांचं बूच

हेल्मेट कपाळावर हवं, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकलेलं हेल्मेट पुढे पडल्यावर उपयोगाचं नाही. पट्ट्यांचा व्ही आकार कानाच्या खाली जुळावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला. आतला फोम एकदाच दबून काम करतो.

आता एक अशी गोष्ट जिच्याकडे कोणी पाहत नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं असतात. ती पडली की उरते उघडी नळी. पडताना हँडल वळून पोटात घुसलं तर यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड यांना इजा होऊ शकते, आणि पोटावर फक्त एक गोल वळ दिसतो. लहान मुलांमध्ये हे विशेष होतं. घरातल्या मुलांच्या सायकली आजच पाहा. बूच नसेल तर वीस-तीस रुपयांत मिळतं.

निघण्याआधी दोन मिनिटं

मी पेशंटची नाडी, बीपी बघतो तसं सायकलचंही ठरलेलं आहे:

१. हवा: टायरच्या कडेला किती दाब चालतो ते छापलेलं असतं. डांबरी रस्त्यावर वरच्या बाजूचा, मुरुमावर खालच्या बाजूचा. ट्यूबच्या टायरला कच्च्या वाटेवर वजनाप्रमाणे साधारण २५ ते ३५ पीएसआय पुरतं. हवा दगडासारखी ठासून भरली तर टायर वाट धरत नाही आणि मनगटं दुखतात. फार कमी भरली तर दगडावर आपटून ट्यूब फाटते.

२. ब्रेक: लीव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. डिस्कवर तेलाचा थेंबही नको, बोटही लावू नका.

३. चाकं: क्विक रिलीजचा लीव्हर घट्ट बंद आहे ना? चाक फिरवून पाहा. डोलत असेल तर दुकानात आउट काढून घ्या.

४. चेन: खडखड किंवा गंज नको.

५. शेवटी सायकल दहा सेंटिमीटर उचलून खाली सोडा. सुट्टा आवाज आला तर तो कुठून येतो ते शोधा, मगच निघा.

चेन, काटे आणि पावसाळा

चेनला तेल पाजायचं ते आतल्या सांध्यांसाठी, बाहेरून चमकवण्यासाठी नव्हे. फडक्याने पुसा, प्रत्येक सांध्यावर एक थेंब सोडा, चेन उलटी फिरवा आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढा. राहिलेल्या तेलाला मुरुमाची धूळ चिकटते आणि ती पॉलिश पेपरसारखी दाते खाते. चेन झिजली का, हे स्टीलच्या पट्टीने कळतं. नव्या चेनच्या बारा पूर्ण जोड्या बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच वाढल्या की चेन बदला. थांबलात तर मागची चक्रंही बदलावी लागतील.

आपल्याकडे पंक्चरचं मोठं कारण म्हणजे बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट घालत असाल तर आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी पाहत जा. ट्यूब असेल तर नवी घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हलकेच फिरवा, काटा तिथेच बसलेला असतो.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर जाऊ नका. चिखल चाकात दाटतो, आपण पडतो आणि वाटेला पडलेली चाकोरी वर्षभर राहते. अंगावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाणं टाळा; लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यातून शरीरात शिरतात. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना हा चिखल आठवणीने सांगा.

वाटेवर

उतारावर सीटवरून उठा, दोन्ही पेडल समान उंचीवर ठेवा, गुडघे आणि कोपरं सैल, कंबर मागे. नजर चाकासमोर नको, दहा-पंधरा फूट पुढे. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर चाक जातं! पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा असतो, म्हणून तो हळूहळू दाबा. ब्रेक वळणाआधी लावा. वळणात मुरुमावर पुढचं चाक अडकलं तर सायकल खालून निसटते. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, काहींना उलटा. नवी किंवा दुसऱ्याची सायकल असेल तर सपाटीवर खात्री करा.

जमत नाही असं वाटलं तर उतरा आणि ढकलत न्या. यात कमीपणा काही नाही. चालणाऱ्यांना, गुरांना, मेंढरांना आधी वाट द्या. कुत्रा मागे लागला तर पळवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा. चावलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

छाती आणि शुगर

माझ्यासोबत सायकल चालवणारे एक गृहस्थ आहेत, वय एकसष्ट. एका चढावर ते थांबले. म्हणाले, "काल मिसळ खाल्ली, ॲसिडिटी झालीय." मी विचारलं, "थांबल्यावर कमी वाटतंय का?" म्हणाले, "हो, लगेच." मागच्या आठवड्यात? "तेव्हाही याच चढावर." ॲसिडिटीला चढ आणि सपाटी कळत नाही. हृदयाला कळते. आम्ही तिथूनच परतलो, ते माझ्यावर रागावले होते. ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता, तरी मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिनी बरीच बंद निघाली. अँजिओप्लास्टी झाली. आज ते पुन्हा सायकल चालवतात, फक्त चढावर माझ्या मागे राहतात.

म्हणून लक्षात ठेवा: श्रम केल्यावर छातीत, घशात, जबड्यात किंवा डाव्या हातात येणारा आणि थांबल्यावर जाणारा जडपणा हा हृदयाचाच, असं तपासून खोटं ठरेपर्यंत समजायचं. थांबूनही तो जात नसेल तर सायकल तिथेच सोडा आणि १०८ ला फोन करा. चाळिशीनंतर सुरुवात करत असाल आणि बीपी, शुगर, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी तपासणी करून घ्या. पहिले दोन-तीन महिने, बोलता येईल एवढ्याच दमाने चालवा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. ते औषध ठोके वाढूच देत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी शुगर बघावी. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच निघा. वाटेत घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. चिक्की इथे कामाची नाही. दाण्यातल्या तेलामुळे तिची साखर हळू चढते. शुगर नंतर रात्रीही उतरू शकते. औषधाचा डोस मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

पडलात तर

जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, मुरुमाचे खडे निघेपर्यंत. हळद, टूथपेस्ट, कॉफी काही लावू नका. मातीने माखलेली जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या. पुढच्या गोष्टींसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:

- डोक्याला मार लागून उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा थोडा वेळही विसर पडणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर लक्षण नसलं तरी जा.
- पोटात हँडल लागलं आणि पोट किंवा डावा खांदा दुखतो आहे. खांद्याला मार नसताना तो दुखणं हे प्लीहेतून रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं.
- तळहातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखतं. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर दहा-बारा दिवसांनी परत दाखवा.

एकट्याने जाताना घरी वाट आणि परत यायची वेळ सांगा. पाणी, केळं, एक ट्यूब, पंप, ॲलन कीचा संच, आणि खिशात नाव, रक्तगट, औषधं लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हे सगळं वाचून घाबरू नका. यादी लांब दिसते, पण सवय झाली की दोन मिनिटांचं काम. माझं एचबीए१सी आता ५.६ आहे. त्यात जेवणाचाही वाटा आहे, सगळं श्रेय मी सायकलला देत नाही. पण पहाटे मला अंथरुणातून उठवून बाहेर काढते ती सायकलच. तुमची कोपऱ्यात उभी असेल तर या रविवारी टाच पेडलवर ठेवून सीट तेवढी नीट करा. सुरुवात तिथून होते.

काळजी घ्या.