हौदा आणि रस्ता

पहाटेच्या अंधारात तालमीत शड्डू घुमू लागतो. अंगाला लाल माती, कपाळावर घामाच्या धारा आणि प्रत्येक डावावर खिळलेली वस्तादांची करडी नजर! अशा तालमीत वाढलेल्या एका तरुण मल्लाच्या मनाला स्वतःच्या बळाविषयी शंका कधी शिवली नव्हती.

एका सायंकाळी बाजाराहून परतताना दोघांनी त्याची वाट अडवली आणि पैशांची पिशवी मागितली. मल्लाने क्षणार्धात पट काढून एकाला आडवे केले आणि सवयीप्रमाणे त्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवले. हौद्यात एवढ्यावर कुस्ती निकाली होते. पंच हात उंचावतात, फेटे उडतात. येथे पंच नव्हता; होता तो दुसऱ्याच्या हातातील सोटा. तो पाठीत बसताच मल्ल कोलमडला आणि पिशवी गेली.

"वस्ताद, इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली!" दुसऱ्या दिवशी तो खिन्नपणे म्हणाला.

"वाया कशी जाईल?" वस्ताद उत्तरले. "असा घाव सोसून तू पायांनी चालत घरी आलास, तो त्या मेहनतीच्याच बळावर. पण पोरा, हौद्यात तोडीस तोड पाहून जोड लावतात. रस्ता जोड पाहत नाही. पिशवी टाकून निघाला असतास, तर पाठ शाबूत राहिली असती."

मग खेळाचे नियम मल्लाला दुबळे करतात काय? तसे नव्हे. १८८२ साली जिगोरो कानो यांनी टोकियो येथे ज्यूदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतील घातक प्रकार त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळले. त्यामुळे शिष्यांना नित्य पूर्ण शक्तीनिशी एकमेकांशी झुंजता येऊ लागले. कोणालाही इजा न करता खऱ्या विरोधाचा अनुभव मिळावा, यासाठीच तर नियम असतात. तथापि नियम दोघांनी मानले, तरच खेळ होतो. जेथे एकच मानतो, तेथे संकट टाळणे हाच पहिला डाव होय, आणि त्यात पराभव मुळीच नाही. निसटण्याची वाटच उरली नाही, तर मात्र कमावलेले बळ कामी येते.

पाठ बरी होताच तो मल्ल पुन्हा हौद्यात उतरला. त्याचा शड्डू पूर्वीसारखाच घुमू लागला. मात्र सायंकाळी परतताना, वळसा पडला तरी, तो वर्दळीची वाट धरू लागला.