दिवसभर वाकणाऱ्या बहिणीस

पुणे,
फेब्रुवारीअखेर

चि. धाकटीस,


तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. डॉक्टरांनी कंबरेसाठी आणि गुडघ्यांसाठी योगासनं सुरू करा म्हणून सांगितलं, पण कुठली आणि कशी ते सांगितलं नाही. सूनबाईनं मोबाइलवर दाखवलेली मुलगी पाय मानेमागं घालून बसलेली, ते बघून तू घाबरलीस. आणि मग विचारलंस, "आक्का, मी दिवसभर वाकतेच की, आणखी काय वाकायचं?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. सुरुवात तिथूनच करायची.

तुझा दिवस डोळ्यांसमोर आण. पहाटे वाकून झाडलोट. मग खाली बसून भाकरी. आता ज्वारीची काढणी चालू असेल, म्हणजे ताटं मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, सगळं कंबरेतून वाकून. परत येताना डोक्यावर नाहीतर कडेवर ओझं, तेही नेहमी त्याच कडेवर. संध्याकाळी धुणं. तिकडं कुंभारीच्या विडी घरकुलातल्या बायका बघ, सूप मांडीवर घेऊन विड्या वळताना तासन्‌तास मान खाली. कष्टानं अंगात ताकद येते, यात शंका नाही. पण काम शरीराला त्याच्या सोयीनं वळवतं, आणि ते रोज एकाच बाजूला वळवतं. पाठीचे स्नायू सतत ताणलेले, छाती मिटलेली, मांड्यांचा पुढचा भाग आखडलेला. म्हणून तुला पहिले काही महिने पुढं वाकायचंच नाही. पायाचे अंगठे धरायच्या खटपटीला लागू नकोस. तुझ्या दिवसात जे कधीच घडत नाही तेवढंच करायचं: सरळ उभं राहायचं, छाती उघडायची आणि काही न करता पडून राहायचं.

उभं राहणं सोपं वाटेल, पण ते आधी शीक. याला ताडासन म्हणतात. सोप्यातल्या भिंतीला टेकून उभी राहा, टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला. दोन्ही पावलांवर सारखं वजन दे, टाच आणि अंगठ्याचा उंचवटा जमिनीत रोव. गुडघे मागं ढकलून कुलूप लावायचं नाही. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज पेलणारे आठव. एवढी उंच काठी कंबरेच्या आधारावर तोलायची, म्हणजे पाय रोवलेले, कंबर स्थिर आणि वर पाठ मोकळी. त्यासाठी ते कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात. तू तुझ्या पाठीचा कणा तसा तोलायला शीक, एवढंच ते आसन.

मग भिंतीकडं तोंड करून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीवर ठेव, हळूहळू पावलं मागं घे. हात आणि पाठ लांब होत जाईल. मान लोंबकळू द्यायची नाही, आणि पाठीला गोल बाक येतोय असं वाटलं तर गुडघे थोडे वाकव. काखा मोकळ्या होतात, तिथं कित्येक वर्षांत वारा लागलेला नसतो. त्यानंतर पालथी पडून छाती जेमतेम वर उचल. भुजंगासनाच्या चित्रात असतं तेवढं उंच जायचं नाही, बेंबी जमिनीवरच राहू दे आणि हातांवर जोर देऊ नकोस. कंबरेत टोचलं तर खाली ये. स्नायू ताणल्याचं दुखणं पसरट असतं, सोसता येतं आणि सोडलं की जातं. सांध्यात सुई टोचल्यासारखं, एकाच ठिकाणी दुखलं, पायात मुंग्या आल्या किंवा कळ खाली उतरली तर ते आसन त्या दिवशी बंद.

गुडघे दुखत असताना वज्रासनात बसू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. मांडी घालून बसायचं तर सोलापुरी चादरीची जाड घडी खाली घे, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते. रबरी मॅट विकत आणायची गरज नाही. घरातली सतरंजी चालेल, फक्त फरशीवर सरकत नाही ना, एवढं बघ.

आधार घ्यायला लाजू नकोस. इथं पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी तेच शिकवलं. ते मूळचे कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, 1918 साली जन्मलेले. लहानपणी इतके आजारी की मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं झालेलं. 1937 साली थोड्या दिवसांसाठी शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि इथलेच झाले. ज्यांना हात पोचत नाही त्यांच्यासाठी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, घोंगड्या त्यांनी आसनात आणल्या. आमच्या योगवर्गाच्या बाई त्यांच्याच पद्धतीनं शिकवतात. साठीच्या बायका खुर्चीला धरून उभ्या असतात आणि त्यांचंही आसन पूर्णच मानलं जातं. मला हे फार मोठं काम वाटतं. शरीर आसनात बसवायचं नाही, आसन शरीरापर्यंत आणायचं.

लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेची गोष्टही तुला सांगायची आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली ते सुरू केलं. त्याआधी अमळनेरला शिकवत होते. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय होतं ते त्यांनी क्ष-किरणांनी तपासून पाहिलं, त्या काळात. म्हणजे ज्यांनी ही विद्या जपली त्यांनीच तिच्याकडं डोळे उघडे ठेवून बघितलं. म्हणून कुणी म्हणालं की आसनं सुरू केलीत, आता रक्तदाबाची गोळी सोडा, तर ऐकू नकोस. गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायची.

श्वासाचं थोडक्यात. नाकानं घे, नाकानं सोड, सोडताना थोडं लांबव. रोखून धरायचा नाही. टीव्हीवर बघून कपालभाती करू नकोस. रक्तदाब, हर्निया, पाळीचे दिवस, पोटाचं ऑपरेशन, अशा वेळी तो जोरकस प्रकार नको, आणि ज्याला शिकायचा त्यानं शिकवणाऱ्याच्या समोर बसून शिकावा. शीर्षासनाचा विचारही सध्या मनात आणू नकोस. सूर्यनमस्कारही नंतर. आपल्याकडं औंधच्या पंतप्रतिनिधींमुळं ते शाळाशाळांत पोचले, चांगलेच आहेत, पण त्यात पुढं वाकणं बरंच येतं.

पतंजलींनी जवळपास 195 सूत्रांमध्ये आसनाला जेमतेम तीन दिली, आणि अट एवढीच घातली की ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. मोबाइलमधल्या मुलीपेक्षा मला ही अट जास्त अवघड वाटते. दात-ओठ खाऊन केलेलं सुखाचं कसं होईल? चेहरा सैल ठेव, जीभ टाळूला चिकटू देऊ नकोस.

वेळ कोणती? जेवणानंतर तीन-चार तास सोडून. पुढच्या महिन्यापासून आपल्याकडचं ऊन तापायला लागेल, म्हणजे उजाडायच्या आधी कर, चहा नंतर. त्या वेळी दार लावून घे आणि घरात सांगून ठेव. मला आसनांपेक्षा हे जास्त अवघड वाटतं. पालथी पडलेली बाई घरातल्यांना आळशी दिसते, आणि तुलाच आधी अपराधी वाटेल. साडी नको, ढगळ पंजाबी ड्रेस घाल. दरसाल 21 जूनला, योगदिनाला, शाळेच्या पटांगणात मागच्या ओळीत उभं राहून एकदा केलं की झालं, असं बायकांचं होतं, कारण घरी ती वेळ त्यांची नसते. ती तू मागून घे. थोडीच असू दे, पण रोजची.

शेवटी शवासन. कंबर उचलली जात असेल तर गुडघ्यांखाली उशी घाल. झोप लागली तरी चालेल. आणखी एक करून बघ: पाठ जमिनीवर, पाय भिंतीला उभे. अक्कलकोटला पायी जाणारी माणसं आपल्या गावात सावलीला थांबली की असंच पडतात, पोटऱ्या हलक्या होतात. पण पाय वर घ्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काचबिंदू नाही ना, ते तपासून घे. तुझं मोतीबिंदूचं बघणं चाललंच आहे, त्यातच विचार. रक्तदाब आटोक्यात नसेल तेव्हाही हे करायचं नाही. तोवर पाय खाटेवर ठेवून पड, गुडघे वाकलेले. तेवढ्यानंही कंबर मोकळी होते.

सूनबाईला सोबत घे. तीही विहिरीवरून घागरी आणते, तिची कंबर आत्ताच सांभाळली पाहिजे. भिंतीला टेकून उभी असताना तुझे खांदे टेकतात की पुढं राहतात, ते तिला बघायला सांग आणि मला कळव. त्यावरून पुढचं लिहीन.

तुझी,
आक्का