कर्ता कोण? : विहारातल्या इंग्रजी वर्गाच्या निमित्ताने



आपल्या शहरांतल्या चौकाचौकांत एक पाटी हमखास दिसते : 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. आपल्या वस्तीतली मुले-मुली घरातले साठवलेले पैसे भरून तिथे जातात. महिन्याभराने 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चे पाठ केलेले उत्तर, 'येस सर', 'सॉरी सर' आणि 'थँक्यू सर' एवढी शिदोरी घेऊन परततात. या वर्गांबद्दल माझा आक्षेप फीचा नाही. तिथे फक्त उत्तर द्यायला शिकवतात, प्रश्न विचारायला नाही, हा माझा आक्षेप आहे. नोकरी मागणाऱ्याला उत्तरेच द्यावी लागतात हे मान्य. पण हक्क मागणाऱ्याला प्रश्न विचारावे लागतात आणि आपल्याला दोन्ही मागायचे आहे.

गेली चार वर्षे दर रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मी इंग्रजीचा प्राथमिक वर्ग घेते. येणारे बहुतेक बारावी किंवा बी.ए. झालेले असतात. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. म्हणजे या पिढीने दहा-बारा वर्षे हा विषय शिकलेला आहे. तरीही चार शब्दांचे वाक्य जुळवताना त्यांना घाम फुटतो. कारण त्यांनी फळ्यावरचे उतरवून घेतले, गाईड पाठ केले, आणि स्वतःचे एखादे वाक्य बोललेच तर वर्ग हसला. हसू कोणाच्या वाट्याला जास्त आले, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणून मी सुरुवात मराठीपासून करते. 'मी भात खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले' : मराठीत काय खाल्ले त्यावर क्रियापद बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय एट'. मराठीत पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. इंग्रजीत तिन्ही 'इट'. इतकी गुंतागुंत जी माणसे रोज न चुकता बोलतात, त्यांची बुद्धी इंग्रजीपुढे कमी कशी पडेल? हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बदलतात.

खरी अडचण मोजक्या जागी येते. मराठीत क्रियापद शेवटी असते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. म्हणून मुले 'आय कॉलेज गो' म्हणतात. आम्ही 'आय', 'गो', 'टू', 'कॉलेज' अशा चिठ्ठ्या करतो आणि चार जणांना त्या घेऊन मराठीच्या क्रमाने ओळीत उभे करतो. मग 'गो'वाला शेवटून चालत दुसऱ्या जागी येतो. मराठीतला 'ला' कॉलेजच्या मागे चिकटलेला असतो, तो इंग्रजीत 'टू' होऊन कॉलेजच्या आधी येतो. स्वतः चालून पाहिलेला क्रम सहसा विसरत नाही.

दुसरी अडचण प्रश्नांची. मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार. इंग्रजीत त्यासाठी 'डू', 'डझ', 'डिड' सुरुवातीला आणावे लागते. 'तुम्ही फॉर्म पाहिला का?' म्हणजे 'डिड यू सी द फॉर्म?' इथे बरेच जण 'डिड यू सॉ' म्हणतात. भूतकाळाचे ओझे 'डिड'ने उचलले आहे, तेव्हा 'सी'ने ते पुन्हा उचलू नये, एवढेच सांगितले की पुरते. 'अ', 'अॅन', 'द' मी शेवटी ठेवते. मराठीत असे शब्दच नसल्याने ते सावकाश येतात, आणि ते चुकले तरी समोरच्याला आपले म्हणणे कळते.

तिसरा मुद्दा 'यू'चा आहे. मराठीत तोंड उघडताच समोरच्याची पायरी ठरते : ये, या, यावे. गावात वयाने आजोबा असलेल्या आपल्या माणसाला पाटलाच्या पोराने 'ए, इकडे ये' म्हटलेले ज्याने ऐकले आहे, त्याला हे व्याकरण समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत साहेबालाही 'यू' आणि शिपायालाही 'यू'. मात्र तेवढ्यावरून इंग्रजी समतेची भाषा ठरत नाही. उच्चारावरून, शाळेवरून माणूस तोलण्याची रीत तिच्यातही आहे, आणि वाक्यागणिक तीन वेळा 'सर' म्हणवून घेणारे आपण गाळलेली उतरंड पुन्हा आणतातच. म्हणून आमच्या वर्गात 'प्लीज' आहे, 'एक्सक्यूज मी' आहे, पण 'सर' वाक्यात एकदाच.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला. कॉलेजच्या खिडकीवर ती तीनदा गेली. तिन्ही वेळा एकच उत्तर : 'रिजेक्ट झालाय.' कोणी केला, कशासाठी, काही नाही. ऑनलाइनही तेवढेच : युवर ऍप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून पाच गुणांसाठी शिकलो. त्याचा खरा उपयोग इथे दिसतो. या वाक्यात कर्ता नाही. अर्ज आहे, नकार आहे, नाकारणारा गायब आहे. मराठी सरकारी भाषाही हेच करते : फेटाळण्यात आला, कळविण्यात येते, कार्यवाही करण्यात येईल. कोण करील?

त्या रविवारी आम्ही एवढाच संवाद घोकला :

– युवर ऍप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड.
– हू रिजेक्टेड इट?
– द ऑफिस.
– व्हाय डिड द ऑफिस रिजेक्ट इट? प्लीज गिव्ह मी द रीझन इन रायटिंग.

'हू' स्वतःच कर्त्याच्या जागी बसला की 'डिड' लागत नाही, हा नियम त्या दिवशी कोणी वहीत लिहून घेतला नाही, तरी सगळ्यांना आला. मुलीने दोन ओळींचा ईमेल स्वतः लिहिला. त्यात 'द' एका जागी राहून गेला होता. उत्तर आले : उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत वाचता येत नाही. तिने दाखला पुन्हा स्कॅन करून जोडला. अर्ज पुढे गेला. व्यवस्था बदलली असे मी म्हणणार नाही. पण तीन फेऱ्यांत जे मिळाले नाही, ते दोन वाक्यांनी मिळाले.

काही जण म्हणतील, मातृभाषा सोडून इंग्रजीची तरफदारी कशाला? हे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकतात, ते आधी पाहावे. शिवाय 'सोडून' असे कोणी म्हटलेलेच नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली मराठीत लिहिली आणि तिची प्रस्तावना इंग्रजीतही दिली. १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू त्यांनी इंग्रजी निवेदनातून मांडली. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तोही मराठी कवितेतून. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे इंग्रजीत साक्ष दिली आणि १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला. आपल्या माणसांशी मराठीत आणि सत्तेशी तिला टाळता येणार नाही अशा भाषेत, अशी ही परंपरा आहे. आजही संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तिथे आपल्याविषयी काय ठरते, ते दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस ऐकायचे?

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. उत्तर प्रदेशात इंग्रजीला 'दलितांची देवी' म्हणून मंदिर बांधण्याचा प्रयत्न झाला. त्यामागची तळमळ मला कळते, पण आपण देव सोडले ते नवे घडवण्यासाठी नाही. इंग्रजी हे हत्यार आहे. त्याला धार लावायची असते, हार घालायचा नसतो.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती : जयंतीच्या वर्गणीतून एक फळा आणि खडूंचा डबा घ्या. विहारात रविवारचे दोन तास राखा. शिकवायला एम.ए. लागत नाही, दोन धडे पुढे असलेला कोणीही चालेल. पहिल्या दिवशी 'माय नेम इज' घ्या आणि त्याच दिवशी 'व्हॉट इज युवर नेम?'सुद्धा घ्या. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, गाडीच्या कर्जाचा करार, नोकरीचे पत्र असे घरातले कागद आणायला सांगा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता शोधा. तो सापडला नाही, तर 'हू?'ने सुरुवात करून प्रश्न लिहा.

वर्गात एकच नियम पाळा. चुकले तरी कोणी कोणाला हसायचे नाही.